चौसष्ट घरें आणि दूरचीं माणसें

श्रोतेहो, कला मनासाठीं, यंत्र सोयीसाठीं आणि खेळ विरंगुळ्यासाठीं, अशी आपण एरवीं वांटणी करून टाकतों. परंतु दूरदूरच्या माणसांस एकत्र आणण्याच्या कामीं हीं तिन्ही एकमेकांस कसें साह्य करतात, हें पाहावयाचें असेल, तर बुद्धिबळाचा पट डोळ्यांपुढें आणावा.

प्रथम कलेकडे पाहूं. एके काळीं युरोपांत सोंगट्यांची घडण ठिकठिकाणीं निराळी असे. वजीर कोणता आणि उंट कोणता, हें परक्यास चटकन् उमगत नसे. खेळ ठाऊक असूनहि पट अनोळखी वाटे. १८४९ सालीं लंडनमध्यें नॅथॅनिएल कुक यांच्या नांवें एक नवी घडण नोंदविली गेली. घोड्यास घोड्याचें तोंड, राजास मुकुट, आपण ज्यास हत्ती म्हणतों त्याच्या जागीं बुरूज, अशी तिची रचना होती. हॉवर्ड स्टाँटन या नामांकित खेळाडूचें नांव तिला मिळालें, आणि आज जगभरच्या स्पर्धांत तीच चालते. कारागिराच्या हातानें अनोळखी माणसांस एक समान ओळख दिली.

आतां यंत्राकडे वळूं. पटावरील प्रत्येक घर ठराविक खुणेनें सांगतां येतें. त्यामुळें कोणती सोंगटी कोठें गेली, एवढें कळविलें कीं पुरें. पलीकडचा गृहस्थ आपल्या पटावर तसाच बदल करतो. १८४५ सालीं लंडन आणि गॉस्पोर्ट यांच्या दरम्यान तारायंत्रावर डाव खेळले गेले. १९४५ च्या सप्टेंबरांत, दुसरें महायुद्ध संपत असतांनाच, अमेरिका आणि सोव्हिएट रशिया यांचे दहा दहा खेळाडू बिनतारी संदेशांच्या साह्यानें चार दिवस झुंजले. रशियानें १५॥ विरुद्ध ४॥ असा विजय मिळविला. १९७० सालीं तर सोयूझ-९ या यानांतील अंतराळवीर पृथ्वीवरील सहकाऱ्यांशीं खेळले, आणि तो डाव बरोबरींत सुटला.

मात्र तार जोडली म्हणजे माणसें जोडलीं गेलीं, असें समजूं नये. २०२० सालीं साथीमुळें बुद्धिबळाची जागतिक सांघिक स्पर्धा इंटरनेटवर झाली. अंतिम सामन्यांत भारत व रशिया यांची गांठ पडली. नाशिकचे विदित गुजराथी भारताचे कर्णधार होते. दुसऱ्या फेरींत निहाल सरीन आणि नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख यांचा संपर्क मध्येंच तुटला, घड्याळ पुढें चालत राहिलें, आणि दोघांचेहि डाव वेळेवर गेले. (याच दिव्यानें २०२५ सालीं महिलांचा विश्वचषक जिंकला.) भारतानें दाद मागितली, जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनीं दोन्ही संघांस सुवर्णपदक दिलें.

कोणी शिस्तप्रिय गृहस्थ म्हणेल, "नियम तो नियम, वेळ संपली कीं डाव संपला." आक्षेप क्षुल्लक नाहीं. परंतु घड्याळ कशासाठीं असतें? खेळाडूच्या विचाराचा वेळ मोजण्यासाठीं. येथें तें तुटलेल्या तारेचा वेळ मोजीत होतें. नियमाचें अक्षर राखतांना त्याचा हेतु बुडत असेल, तर हेतूकडे पाहणें हाच न्याय होय.

आज आपलीं नातवंडें हातांतील फोनवर सातासमुद्रांपलीकडील माणसाशीं डाव मांडतात. त्याची भाषा त्यांना येत नाहीं, चेहरा दिसत नाहीं. शेजारीं दुसरें यंत्र ठेवून त्याच्या सल्ल्यानें जिंकणें कोणासहि अशक्य नाहीं. तरीहि असंख्य मुलें तसें करीत नाहींत, म्हणूनच हा खेळ टिकून आहे. मुलांच्या हातीं यंत्र देणें सोपें आहे. समोर कोणी पाहत नसतांनाहि सचोटीनें खेळण्याचें वळण त्यांस लावणें, हें मात्र तुम्हां-आम्हां वडीलधाऱ्यांचें काम आहे.