आयर्न मेडन : एक बँड, एक विमान आणि बारा टन सामान

'वर्ल्ड टूर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मोठ्ठं स्टेज, लाइट्स, लांब केसवाले पाच-सहा लोक आणि समोर बेभान झालेलं पब्लिक. पण शो संपल्यावर मध्यरात्री त्या स्टेजवर काय चालतं? ड्रम कोण सोडवतं, वायरी कोण गुंडाळतं आणि ते सगळं सामान दोन दिवसांत दुसऱ्या खंडात कसं पोचतं? मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आल्यापासून मला गाणं ऐकताना असलेच प्रश्न पडतात. त्यातल्याच एका प्रश्नाबद्दल हा लेख आहे.

आधी एक खुलासा. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीशी संबंध 'फुटक्या छत्रीचे मनोगत' लिहिण्यापुरताच. त्यामुळे "मेटलवर लिही, पण मराठीत" असं आमच्या विद्यार्थी संपादकांनी बजावलं, तेव्हा 'लीड गिटार'ला मराठीत काय म्हणायचं यावर मी दोन दिवस डोकं खाजवलं. उत्तर सापडलं - लीड गिटार! असो. आणि ज्यांना हेवी मेटल म्हणजे नुसता गोंगाट वाटतो त्यांनीही कृपया पान उलटू नये. इथे गाण्यांपेक्षा वजन, अंतर आणि वेळ यांचीच चर्चा जास्त आहे.

तर आयर्न मेडन. बेस गिटार वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसने १९७५ च्या नाताळात पूर्व लंडनमधल्या लेटन भागात हा बँड सुरू केला. पहिला अल्बम १९८० चा. १९८१ मध्ये ब्रूस डिकिन्सन हा गायक आला आणि १९८२ च्या 'द नंबर ऑफ द बीस्ट'नंतर त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मधे १९९३ मध्ये डिकिन्सन सोडून गेला आणि १९९९ मध्ये परत आला. बँडचा एक मॅस्कॉटही आहे, 'एडी' नावाचा सांगाडा. अल्बमच्या कव्हरवर तो असतोच आणि स्टेजवरही अवाढव्य रूपात येतो. हा एडी लक्षात ठेवा, कारण त्यालाही प्रवास करावा लागतो!

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बँडबरोबर काय काय फिरतं? गिटार, ड्रम, अँप्लिफायर, मिक्सिंगची यंत्रं, मैलोगणती केबल, स्टेजमागचे प्रचंड पडदे आणि आपला एडी. शिवाय हे सगळं जोडणारी-सोडवणारी माणसं. स्टेजचा सांगाडा, मोठे स्पीकर, जनरेटर या गोष्टी बऱ्याचदा त्या त्या देशात भाड्याने मिळतात. पण बँडचं स्वतःचं सामान बरोबर न्यावंच लागतं. युरोप-अमेरिकेत हे सोपं असतं. रात्री शो संपला की सामान ट्रकमध्ये, सकाळी पुढचं शहर. रस्ते चांगले आणि शहरं एका रात्रीच्या अंतरावर. थोडक्यात काय, आपल्याकडे तमाशाचे फड गावोगावी फिरतात, तसंच. फक्त ट्रक मोठे.

मेडनचा १९८४-८५ चा 'वर्ल्ड स्लेव्हरी टूर' याचं उत्तम उदाहरण. ऑगस्ट १९८४ मध्ये पोलंडमध्ये वॉर्साला सुरू झाला आणि जुलै १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात संपला. म्हणजे जवळजवळ अकरा महिने! त्या काळात कम्युनिस्ट राजवटीच्या देशांत इतकं मोठं स्टेज घेऊन जाणं ही साधी गोष्ट नव्हती. स्टेजवर प्राचीन इजिप्तचा देखावा आणि एडीची भलीमोठी ममी. सगळं जग त्या शोबद्दल बोललं. पण त्या जगात मुंबई नव्हती.

का नव्हती? "इथे मेटल कोण ऐकतंय?" हे उत्तर सगळे देतात. मला ते पटत नाही. आमच्या डोंबिवलीच्या मावसभावाच्या पिढीने कॅसेटवरून कॅसेट भरून घेत ही गाणी पाठ केली होती. ऐकणारे होते. नव्हतं ते गणित.

गणित असं. माणसं विमानाने एका दिवसात येतात, पण सामान जहाजाने आलं तर कित्येक आठवडे लागतात. तोवर बँड आणि क्रू काय करणार? त्यांचे पगार, हॉटेल, जेवणखाण चालूच. म्हणजे दोन शोंमधले दिवस गुणिले रोजचा खर्च, हा आकडा तिकिटांच्या उत्पन्नापेक्षा मोठा झाला की ते शहर यादीतून कटाप. सामान नेहमीच्या मालवाहू विमानांतून पाठवावं, तर त्यांच्या वेळापत्रकाशी आपल्या तारखा जुळायला हव्यात. फार मोठे बँड स्टेजचे दोन-तीन सेट बनवतात. लग्नसराईत मांडववाला करतो तेच. एक मांडव उभा असतो तेव्हा दुसरा पुढच्या गावी लागत असतो. पण त्यासाठी खिसाही तसाच लागतो. पर्टचा चार्ट काढला तर लगेच दिसेल, क्रिटिकल पाथवर माणसं नाहीतच, पेट्या आहेत.

२००८ मध्ये मेडनने या गणितातला एक आकडाच बदलून टाकला. माणसं आणि सामान एकाच विमानात!

यात योगायोग असा की त्यांचा गायक खराखुरा वैमानिक आहे. डिकिन्सन तेव्हा अ‍ॅस्ट्रियस या ब्रिटिश विमान कंपनीत कॅप्टन होता. (ही कंपनी २०११ मध्ये बंद पडली.) त्याच कंपनीचं बोइंग ७५७ भाड्याने घेतलं, शेपटीवर एडीचं चित्र रंगवलं आणि चाहत्यांमध्ये स्पर्धा घेऊन नाव ठेवलं 'एड फोर्स वन'. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या 'एअर फोर्स वन'ची सरळसरळ टिंगल!

७५७ हे दोन इंजिनांचं, साधारण दोनशे प्रवासी नेणारं विमान. मागच्या भागातल्या सीट्स काढून तिथे सामानासाठी जागा केली. पुढे सत्तरेक माणसं, मागे आणि पोटात मिळून सुमारे १२ टन सामान. एकाच मजल्यावर प्रवासी आणि माल अशी रचना असलेल्या विमानाला 'कॉम्बी' म्हणतात.

वाचायला सोपं वाटतं, पण सीट्स उचकटल्या आणि पेट्या भरल्या असं चालत नाही. पहिला प्रश्न गुरुत्वमध्याचा. अप्लाइड मेकॅनिक्समध्ये आपण जो सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी काढतो, तोच. स्कूटरच्या मागे भरलेला गॅस सिलिंडर बांधून चढ चढलाय कधी? हँडल कसं हलकं लागतं! विमानाचंही तसंच. वजन फार मागे गेलं तर नाक वर उचललं जातं आणि ते खाली आणायला शेपटीच्या आडव्या पंखाचा जोर पुरत नाही. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी कुठली पेटी किती किलोची आणि कुठे ठेवली, याचा हिशोब मांडावा लागतो. पेट्या घट्ट बांधाव्या लागतात. धावपट्टीवर जोरात ब्रेक लागला आणि पेट्या सुटल्या तर पुढे बसलेल्यांचं काय होईल, हे सांगायला नको.

दुसरा प्रश्न आगीचा. २८ नोव्हेंबर १९८७ ला साउथ आफ्रिकन एअरवेजचं 'हेल्डरबर्ग' नावाचं बोइंग ७४७ कॉम्बी मॉरिशसजवळ समुद्रात कोसळलं आणि १५९ माणसं गेली. प्रवाशांच्याच मजल्यावरच्या मालाच्या कक्षात आग लागली होती. त्यानंतर कॉम्बी विमानांचे नियम फार कडक झाले. त्यामुळे मेडनच्या विमानातल्या बदलांनाही सुरक्षा अधिकाऱ्यांची मंजुरी मिळवावी लागली. मला विचाराल तर गिटारच्या सोलोपेक्षा हे काम अवघड!

आणि मग १ फेब्रुवारी २००८. 'समव्हेअर बॅक इन टाइम' या दौऱ्याचा पहिला शो. ठिकाण लंडन नाही, न्यूयॉर्क नाही, तर मुंबई, वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स! मेडन त्याआधी मार्च २००७ मध्ये बंगलोरला येऊन गेले होते, पण जगाच्या दौऱ्याचा नारळ मुंबईत फुटणं वेगळं. या दौऱ्यात बहुतेक गाणी ऐंशीच्या दशकातली होती आणि देखावा होता तोच १९८४ चा, इजिप्तचा. म्हणजे जो शो तेव्हा आपल्याकडे येऊ शकला नाही, तो २४ वर्षांनी आला. मी तेव्हा पाळण्यातून नुकतीच बाहेर आले होते. पण आमचा दादा (तोच, डोंबिवलीचा) इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल असूनही गेला होता. तो म्हणतो, "गाणी तर पाठच होती गं. पण तारखांच्या यादीत सगळ्यात वर मुंबई लिहिलेलं वाचलं ना, तेव्हा कसंतरीच झालं." अजून ते तिकीट त्याच्या पाकिटात आहे, अक्षरं पुसून गेली तरी.

मुंबईनंतर पर्थ, मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेन, मग जपान, लॉस एंजेलिस, मेक्सिको, कोस्टा रिका, कोलंबिया, ब्राझील, अर्जेंटिना, चिली, प्वेर्तो रिको, न्यू जर्सी आणि १६ मार्चला टोरंटो. ४५ दिवसांत २३ शो आणि सुमारे ८०,००० किलोमीटर. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर, म्हणजे दोन प्रदक्षिणा! १६ फेब्रुवारीला टोकियो आणि १९ ला लॉस एंजेलिस. हे अंतर साधारण ८,८०० किलोमीटर आणि ७५७ चा पल्ला साधारण ७,२०० चा. म्हणजे वाटेत इंधनासाठी उतरणं आलंच. तरीही तीन दिवसांत सामान प्रशांत महासागर ओलांडून पुढच्या स्टेजवर! या सगळ्यावर सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडियन यांनी 'फ्लाइट ६६६' ही फिल्म केली, २००९ मध्ये आली. तिच्यातलं 'एसेस हाय' हे दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांवरचं गाणं मुंबईच्या शोमधलं आहे. जमल्यास बघाच.

आता तुम्ही विचाराल, इतकं छान आहे तर सगळेच बँड असं का करत नाहीत? एक तर स्वतःचं विमान घेऊन फिरणं सगळ्यांच्या आवाक्यातलं नाही. दुसरं म्हणजे सगळी अंडी एकाच टोपलीत. २०१६ च्या 'बुक ऑफ सोल्स' दौऱ्यात त्यांनी आणखी मोठं, चार इंजिनांचं बोइंग ७४७-४०० घेतलं. डिकिन्सनने त्यासाठी वेगळं प्रशिक्षण घेतलं. मार्च २०१६ मध्ये चिलीत सॅन्टियागोच्या विमानतळावर इंधन भरायला ते ओढून नेत असताना ओढणाऱ्या गाडीच्या जोडणीतली पिन निसटली. विमान आणि गाडीची टक्कर होऊन दोन इंजिनांचं नुकसान झालं आणि दोन कर्मचारी जखमी झाले. एक पिन! आपल्या मशीन डिझाइनमधला कॉटर जॉइंट-नकल जॉइंट आठवा. "हे कुठे कामाला येणार?" असं आपण विचारतो ना, ते तिथे. पण गंमत बघा. दुसरी सोय करून बँड पुढच्या शोला वेळेवर पोचला आणि नवीन इंजिनं बसवून विमानही काही दिवसांत परत दौऱ्यात आलं. एकाच गोष्टीवर सगळं टांगायचं असेल, तर ती तुटल्यावर काय करायचं हे आधीच ठरवून ठेवावं लागतं.

आपल्या कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये हेच होतं. एका फेस्टला मी व्हॉलंटिअर होते. स्टेज तयार, बँड तयार, पब्लिक तयार आणि जनरेटरची गाडी नाक्यावर अडकलेली. दोन तास! दुसऱ्या जनरेटरवाल्याचा नंबर कुणाकडेच नव्हता. बँड कसा होता हे नंतर कुणालाच आठवत नव्हतं, अंधार मात्र सगळ्यांना आठवत होता.

एका गोष्टीला मात्र स्पेअर मिळत नाही, ती म्हणजे माणसाचं शरीर. 'बुक ऑफ सोल्स' दौऱ्याआधी डिकिन्सनला जिभेच्या मुळाशी कॅन्सर झाला होता. २०१५ मध्ये तो बरा झाला, गळ्याला सावरायला वेळ दिला आणि मगच दौरा निघाला. ड्रमर निको मॅकब्रेनला २०२३ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. तरीही तो स्टेजवर परतला आणि डिसेंबर २०२४ मध्ये साओ पावलोला शेवटचा शो करून त्याने दौऱ्यांमधून निवृत्ती घेतली. आता सायमन डॉसन वाजवतो. बँडच्या पन्नाशीचा दौरा मे २०२५ मध्ये बुडापेस्टला सुरू झाला. पन्नास वर्षं, मंडळी! आपल्याला पन्नास मिनिटांचं लेक्चर सहन होत नाही.

मला या सगळ्यातून एकच सांगायचंय. "आपल्याकडे कोण येणार?" हे वाक्य आपण फार सहज बोलतो. बँडबद्दल, कंपन्यांच्या कॅम्पसबद्दल, वर्कशॉपबद्दल. जणू आपल्यातच काहीतरी कमी आहे. १९८४ मध्ये मुंबईत कान कमी नव्हते, पेट्या यायला वेळ जास्त लागत होता, एवढंच. कुणीतरी बसून तो वेळ कमी केला आणि सॅन होजे, बोगोटा, मुंबई अशी नावं यादीत आली. तेव्हा पुढच्या वेळी कुणी असं म्हणालं, तर आधी कागद-पेन घ्या आणि नेमकं कुठे अडतंय ते शोधा. बहुतेक वेळा ते एखाद्या पेटीपाशीच अडलेलं असतं.

आणि हो, 'फ्लाइट ६६६'ची डीव्हीडी माझ्याकडे आहे. हवी असेल तर लेडीज हॉस्टेलच्या मेसमध्ये भेटा. फक्त सबमिशनच्या आठवड्यात नको!