तिरोड्यातून धनंजयराव गाडगीळ वाचताना

२० जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्याच्या बांध्यांमध्ये रोवणी चालू होती. पुढच्या काही दिवसांत अमेरिकेतल्या भारतीय किराणा दुकानांमध्ये तांदळाच्या पिशव्यांसाठी रांगा लागल्या. ऑगस्टमध्ये जागतिक बाजारात तांदळाचा भाव पंधरा वर्षांतल्या उच्चांकावर गेला. जगात विकल्या जाणाऱ्या तांदळात भारताचा वाटा सुमारे ४० टक्के आहे, त्यामुळे दिल्लीने दार लावले की त्याचा आवाज मनिलापासून लागोसपर्यंत ऐकू जातो. चिखलात उभे राहून पऱ्हे लावणाऱ्या बाईला मात्र या निर्णयाने तिचे काय होणार हे कोणी सांगितले नाही. सांगायला माहिती असावी लागते, आणि धानाच्या व्यापाराची आपल्या भागातली माहिती गोळा करण्याचे काम आपल्याकडे कोणी नेमाने केलेले नाही.

हे काम कसे करायचे, याचा धडा एका मराठी प्राध्यापकाने नव्वद वर्षांपूर्वी घालून दिला आहे. धनंजय रामचंद्र गाडगीळ. जन्म १० एप्रिल १९०१, नाशिकचा. बालपण नागपुरात, म्हणजे आपल्याच रेल्वेमार्गावर. केंब्रिजला लिहिलेला त्यांचा प्रबंध १९२४ मध्ये पुस्तकरूपाने आला. भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचे हे पुस्तक पुढे पन्नास वर्षे महाविद्यालयांत वाचले गेले. लेखकाचे वय तेव्हा अवघे तेवीस. पुढे काही वर्षे सुरतेला प्राचार्यपद, आणि १९३० मध्ये रावबहादूर काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाने पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था काढली, तेव्हा तिची धुरा गाडगीळांकडे आली. ती त्यांनी साडेतीन दशके वाहिली.

गाडगीळ व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक नव्हते. तशी खुर्ची त्या काळी आपल्याकडे नव्हतीच. पण आज व्यवस्थापनाच्या संस्थांत जागतिक व्यापार, नेतृत्व आणि संशोधन असे तीन वेगळे वर्ग भरतात, ते तिन्ही विषय या माणसाच्या कामात एकाच धाग्यात ओवलेले दिसतात. तिरोड्यासारख्या गावातून त्यांच्याकडे पाहिले की तो धागा अधिक स्पष्ट होतो, असे मला वाटते.

आधी व्यापार. १९३२ साली कॅनडातल्या ओटावा शहरात ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांची परिषद भरली. जगभर मंदी होती. साम्राज्यातल्या देशांनी एकमेकांच्या मालाला जकातीत सवलत द्यावी, बाहेरच्यांना देऊ नये, असा करार झाला. त्याच वर्षी गोखले संस्थेचे दुसरे प्रकाशन बाहेर पडले: गाडगीळांनी केलेली ओटावा कराराची फेरतपासणी. संस्था दोन वर्षांची, साधने तुटपुंजी, आणि विषय थेट लंडनच्या धोरणाचा. सवलत कोण कोणाला देतो, तिच्यामुळे आपला किती माल जास्त विकला जातो आणि बदल्यात आपण काय सोडतो, हे प्रश्न जकातीच्या प्रत्येक करारात विचारायचे असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयात शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा वर्तमानपत्रांत जे लिहिले गेले त्यात रोष पुष्कळ होता, पण जिल्ह्याजिल्ह्याचा हिशेब शोधूनही सापडत नव्हता.

आणि लगेच पुढचे, तिसरे प्रकाशन कशावर? पुण्याच्या बाजारातल्या फळांच्या विक्रीवर. १९३३ सालची ती पाहणी. ओटावानंतर एकदम पुण्याची मंडई! मला गाडगीळांची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. साम्राज्याचा करार आणि बागाईतदाराची करंडी हे दोन विषय त्यांनी एकाच गांभीर्याने हाताळले, कारण शेतातून निघालेला माल कोणाकोणाच्या हातून जातो आणि प्रत्येक हात किती ठेवून घेतो, हे कळल्याशिवाय व्यापारावर बोलता येत नाही.

आता हीच नजर आपल्या धानावर टाकून बघू. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. खरेदी केंद्रावर ओलावा १७ टक्क्यांच्या आत लागतो. केंद्रावरचे धान भरडाईसाठी राईस मिलला दिले की गिरणीमालकाने क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ सरकारला परत द्यायचा, उकडा असेल तर ६८. खाली उरतो तो कोंडा आणि तूस. धानाचा दाणा भरडताना तुटला की कनकी पडते, आणि कनकी किती पडणार हे वाणावर, कापणीच्या वेळेवर, कडपा किती दिवस उन्हात राहिल्या आणि पुंजणे पावसात भिजले की नाही यावर ठरते. उन्हाळी धान तर फारच तुटते. म्हणून ६७ किलोंचा आकडा गिरणीमालकांना खुपतो आणि दरवर्षी भरडाईची बोलणी अडतात. बोलणी अडली की गोदामे रिकामी होत नाहीत, गोदामे रिकामी झाली नाहीत की खरेदी थांबते, आणि ट्रॅक्टरवर धान लादून आलेला शेतकरी केंद्राबाहेर ताटकळत राहतो.

२,३०० रुपयांच्या धानातून ६७ किलो तांदूळ, म्हणजे किलोला ३४ रुपये ३३ पैसे नुसता कच्च्या मालाचा खर्च. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्यात पुन्हा खुली केली, तेव्हा किमान निर्यात मूल्य टनाला ४९० डॉलर ठरवले. त्या वेळच्या दराने किलोला साधारण ४१ रुपये. मधल्या पावणेसात रुपयांत भरडाई, बारदाना, हमाली, गोंदिया ते बंदर हे शेकडो किलोमीटरचे रेल्वेभाडे, जहाजात चढवण्याचा खर्च आणि निर्यातदाराचा नफा बसवायचा. हाताशी कोंड्याची नि कनकीची विक्री तेवढी. पुढच्याच महिन्यात ती किमान मूल्याची अटही निघाली. हमीभावाखाली खासगी व्यापाऱ्याला धान विकणारा शेतकरी या साखळीत किती गमावतो, हे याच ताळेबंदात दडलेले आहे. हे गणित पाटीवर पाच मिनिटांत मांडता येते, पण तिरोड्यातल्या किती वर्गांत ते मांडले जाते?

कनकीचीही स्वतंत्र कथा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तिच्या निर्यातीवर बंदी आली, ती मार्च २०२५ मध्ये उठली. आपल्याकडे जी गिरणीच्या कोपऱ्यात साचते, ती बाहेर पशुखाद्य म्हणून जाते, देशात तिचे इथेनॉल होते. म्हणजे चीनमधल्या डुकरांचे खाद्य आणि आपल्या मोटारींचे इंधन गोंदियाच्या गिरणीतल्या कनकीचा भाव ठरवायला हातभार लावतात. गाडगीळांच्या काळात फळांच्या बाबतीत इतकी गुंतागुंत नव्हती.

नेतृत्वाबद्दल गाडगीळांनी काय म्हटले यापेक्षा त्यांनी काय केले ते पाहावे. लोणी परिसरातल्या शेतकऱ्यांना विठ्ठलराव विखे पाटलांनी एकत्र केले आणि स्वतःचा साखर कारखाना काढायचा घाट घातला. प्रवरानगरचा हा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात चालू झाला. अध्यक्षपदी गाडगीळ बसले आणि सुमारे दहा वर्षे राहिले. याच प्रवरेच्या आणि गोदावरीच्या कालव्यांमुळे शेतीचे काय झाले, याची पाहणी त्यांच्या संस्थेने करून १९४८ मध्ये छापली होती. म्हणजे ज्या मातीचा अभ्यास केला तिच्यातच ते पुढे कारखान्याची जबाबदारी घेऊन उभे राहिले. गावात मान असलेला शेतकरी नेता आणि हिशेबाला पक्का प्राध्यापक, या जोडीशिवाय बँका व सरकार यांनी त्या कारखान्याकडे त्याच विश्वासाने पाहिले नसते.

मग धानपट्ट्यात प्रवरानगर का झाले नाही? पूर्व विदर्भाला नेता मिळाला नाही हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. ऊस तोडल्यावर तासातासाने साखर घटते. तो जवळच्या कारखान्यातच आणि लगेच गाळावा लागतो. त्यामुळे शेतकरी आणि कारखाना एकमेकांना बांधलेले. धान सुकवून ठेवले की सहा महिने राहते, कोणत्याही गावच्या कोणत्याही गिरणीत भरडता येते. ज्याला पैशाची निकड तो आज विकतो, ज्याला नाही तो थांबतो, आणि सभासदांचे हित एका जागी बांधले जात नाही. वर, सरकारी खरेदी हेच मोठे गिऱ्हाईक असल्यामुळे बाजार शोधायची गरजही कमी राहिली. आज शेतकरी उत्पादक कंपन्या निघत आहेत, त्यांच्या संचालकांनी पिकाचा हा स्वभाव ओळखूनच नियम करायला हवेत. साखर कारखान्याची घटना उतरवून घेऊन राईस मिल चालणार नाही.

व्यापारी वर्ग कुठून येतो, हाही गाडगीळांचा अभ्यासविषय होता. आधुनिक भारतीय व्यापारी वर्गाच्या उगमावरचा त्यांचा निबंध १९५९ मध्ये न्यूयॉर्कहून प्रसिद्ध झाला. गोंदियाकडे पाहिले तर तो विषय समोर उभा राहतो: तेंदूपाने झाडीतली, विड्या वळणारे हात इथल्या बायकांचे, आणि कारखानदार मुख्यतः गुजरातेतून आलेले. त्यांतल्याच मनोहरभाई पटेलांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था काढली आणि जिल्ह्यातल्या हजारो मुलांना महाविद्यालय पाहता आले. बाहेरून आलेल्या भांडवलाने इथे काय नेले आणि काय पेरले, दोन्ही प्रामाणिकपणे मोजले पाहिजे. तिरोड्याच्या औष्णिक वीज केंद्राबाबतही तेच. ६६० मेगावॅटचे पाच संच, एकूण ३,३०० मेगावॅट, पाणी वैनगंगेचे. वीज राज्यभर जाते. तालुक्याच्या मजुरीवर, जमिनीच्या भावावर, मुलांच्या शिक्षणावर काय परिणाम झाला, हे गोदावरी-प्रवरा पाहणीच्या तोडीने घरोघर जाऊन कोणीतरी लिहायला हवे.

गाडगीळ पुढे नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत वाटण्याचे त्यांचे सूत्र १९६९ पासून लागू झाले: ६० टक्के लोकसंख्येवर, आणि दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू पाटबंधारे-वीज प्रकल्प व विशेष अडचणी यांना प्रत्येकी १० टक्के. प्रत्येक जिल्ह्याला एक अग्रणी बँक असावी ही कल्पनाही त्याच वर्षीच्या त्यांच्या अभ्यासगटातून आली. ३ मे १९७१ रोजी दिल्लीहून पुण्याला परतताना रेल्वेतच त्यांचे निधन झाले. त्यांच्या संस्थेतले वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये महाराष्ट्रातला प्रादेशिक अनुशेष मोजला, आणि विदर्भाच्या सिंचनाची मागणी भाषणांतून निघून आकड्यांवर उभी राहिली. मोजणीने काय साधते, याचा याहून ठळक दाखला मराठी मुलखात मला माहीत नाही.

संशोधन फक्त विद्यापीठांतच होते असेही नाही. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी, दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये पटेल-३ वाणाच्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या तीन ओंब्या आढळल्या. त्यांनी त्या जपल्या, वेगळ्या लावल्या, वर्षामागून वर्ष निवड करत गेले आणि बारीक दाण्याचा एचएमटी तांदूळ जन्माला आला. नाव पडले ते त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळावरून. कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि पुढे पीकेव्ही-एचएमटी या नावाने वाण प्रसारित केला. त्यात दादाजींना मिळायला हवे होते ते श्रेय मिळाले नाही. अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेतले प्राध्यापक अनिल गुप्ता यांनी उभारलेल्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्यांची दखल घेतली आणि २००५ मध्ये राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले, ते हलाखीतच. ज्या वाणाने अनेक राज्यांतल्या शेतकऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना पैसा दिला, त्याच्या जनकाला दीड एकरावर आयुष्य काढावे लागले, ही आपल्या सगळ्यांच्या लाजेची गोष्ट आहे. व्यवस्थापनाच्या एका प्राध्यापकाला जे दिसले, ते धानपट्ट्याने आधी पाहायला हवे होते.

दिवाळी आली की हलके धान निघते, त्यानंतर भारी. तिरोडा आणि गोंदियाच्या महाविद्यालयांत वाणिज्य आणि अर्थशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे, की याच हंगामात विद्यार्थ्यांच्या हाती वह्या देऊन त्यांना खळ्यावर, खरेदी केंद्रावर, गिरणीत आणि रेल्वेच्या मालधक्क्यावर पाठवा. एका गावचे एक क्विंटल धान ताटापर्यंत किंवा जहाजापर्यंत कसे पोचते, कोणत्या टप्प्यावर कोणाला किती रुपये मिळतात, एवढेच लिहून काढा, आणि जे लिहाल ते मराठीत छापून ग्रामपंचायतींना वाटा. दर हंगामाला हे केले तर पाच वर्षांत तालुक्याजवळ स्वतःचे आकडे असतील, आणि पुढची निर्यातबंदी येईल तेव्हा आपल्या आमदार-खासदारांना दिल्लीत काय मागायचे ते ठाऊक असेल.