कान वाजत असले तरी प्रवास सोडू नका



या पानावर मी नेहमी बेणे, खोडवा, हुमणी, पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या वेळी विषय थोडा निराळा आहे.

हंगाम उरकला, उसाची बिले जमा झाली, की आपल्याकडे सहलीचे आणि देवदर्शनाचे बेत निघतात. मागच्या महिन्यात गट ऑफिसात एक जुने सभासद बसले होते. मी सहज विचारले, "काय अण्णा, यंदा कुठं?" ते म्हणाले, "कुठलं काय साहेब! घरची मंडळी दोन वर्षं झाली कोकण दाखवा म्हणतीया. पण माझं कान वाजत्यात. परक्या जागेला रात काढवत न्हाई."

त्यांना वाटले, मी हसेन. मी हसलो नाही. कारण माझेही कान गेली सहा वर्षे वाजतात.

बाहेर काही नसताना कानात आवाज येतो. कुणाला रातकिड्यासारखा, कुणाला कुकरच्या शिट्टीसारखा, कुणाला इंजिनाच्या घरघरीसारखा. आयुर्वेदात याला कर्णनाद म्हणतात, डॉक्टर टिनिटस म्हणतात. हे भुताटकीचे किंवा डोके फिरल्याचे लक्षण नव्हे.

कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी एक वळणदार नळी असते. तिच्यात केसांसारख्या बारीक टोकांच्या पेशी असतात. आवाजाच्या लाटेने ती टोके हलतात आणि मेंदूला खबर जाते. वयोमानाने किंवा मोठ्या आवाजाने या पेशी मरतात. खोडवा पुन्हा फुटतो, पण ही पेशी एकदा गेली की गेली. मग मेंदूला खबर कमी पोचते. जुन्या रेडिओवर स्टेशन नीट लागले नाही की आपण आवाज वाढवतो. स्टेशन लागत नाही, खरखर मात्र मोठी होते. मेंदूही तसेच काहीसे करतो, असे आजचे जाणकार मानतात.

आता प्रवासाशी याचा संबंध काय? भरदिवसा कंदील लावला तर कुणाच्या लक्षात येत नाही. अंधारात तोच डोळ्यांवर येतो. कानातल्या आवाजाचे तसेच आहे. दिवसा माणसे, गुरे, पंप यांच्या गलबल्यात तो झाकला जातो. रात्री सामसूम झाली की तो उठून ऐकू येतो. म्हणजे आपला त्रास शांततेत वाढतो. हे मला माहीत नव्हते आणि त्याची किंमत घरच्यांनी मोजली.

कान वाजू लागले त्याच वर्षी उन्हाळ्यात आम्ही महाबळेश्वरला गेलो. सौभाग्यवतींनी वर्षभर पैसे साठवले होते. कानाला आराम म्हणून मी मुद्दाम बाजारापासून लांबची, टोकाची खोली मागून घेतली. हवा थंड, त्यामुळे खोलीत पंखाही नव्हता. दिवा मालवला आणि कानात जे सुरू झाले ते पहाटेपर्यंत. दुसऱ्या रात्रीही तेच. सकाळी मी बायकोवर आणि मुलावर विनाकारण ओरडलो, पुढचा बेत मोडला आणि सगळ्यांना घेऊन परत आलो. परतीच्या एस.टी.त माझ्याशी कुणी बोलले नाही. मीही माझे कान वाजतात हे तोपर्यंत कुणाला सांगितलेले नव्हते.

नंतर कानाच्या डॉक्टरांना दाखवले, ऐकण्याची तपासणी झाली. दोन वर्षांनी आम्ही आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याला गेलो. तिथे मंदिर अगदी समुद्राकाठी आहे. वाळूत बसलो असताना लाटांच्या आवाजात कान वाजतात हे मला अर्धा तास आठवलेच नाही. रात्री उकाड्यामुळे पंखा चालू होता. मी सरळ झोपलो.

डॉक्टरांचा सल्ला आणि स्वतःचा अनुभव यांतून जे कळले ते पुढे देतो.

१) मुक्कामाला बारीक आवाज सोबत ठेवा. पंख्याची खोली घ्या. पंखा नसेल तर मोबाईलवर पावसाचा किंवा लाटांचा आवाज आधीच भरून घ्या, सगळीकडे रेंज मिळत नाही. तो उशापासून थोडा दूर ठेवा आणि कानातल्या आवाजापेक्षा किंचित कमी लावा. कानातला आवाज पुरता बुडवायचा नाही. दोन्ही आवाज ऐकू येत राहिले की मेंदूला हळूहळू सवय होते.

२) मोठ्या आवाजापासून मात्र कान जपा. मिरवणुकीतला डीजे, फटाके, केदारनाथच्या वाटेवरचे हेलिकॉप्टर, अशा ठिकाणी कानात फोमचे बोळे घाला. औषधाच्या दुकानात ते थोड्या पैशांत मिळतात. साधा कापूस पुरेसा नाही. उघड्या जागेत आवाजापासून दुप्पट अंतरावर गेलात तर तो साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणून चार पावले मागे सरणे हाही उपाय आहे. पण बोळे दिवसभर किंवा शांत खोलीत घालून बसू नका. बाहेरचा आवाज बंद झाला की आतला वाढतो.

३) एस.टी.त मधल्या बाकावर बसा. अगदी पुढे इंजिनाचा आवाज, मागे खडखडाट. वाऱ्याचा घोंघाट होत असेल तर काच ओढून घ्या. रेल्वेच्या एकसुरी खडखडीचा पुष्कळांना उलट आधार वाटतो.

४) घाट चढता-उतरताना आणि विमान उतरताना हवेचा दाब बदलतो, कान दडे बसल्यासारखे होतात. कानाच्या पडद्यामागून घशाकडे एक नळी जाते. ती उघडली की दाब सारखा होतो. म्हणून घोट घोट पाणी प्या, जांभई द्या, आवळासुपारी चघळा. विमान उतरताना झोपू नका. जोराची सर्दी असेल तर विमानात बसण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

५) जागरण आणि दगदग यांनी आवाज वाढतो. दोन दिवसांत सात देव करण्याचा बेत आखू नका.

६) ॲस्पिरिनसारखी दुखण्यावरची औषधे जास्त मात्रेत घेतली तर त्यांनीही कान वाजतात. पाय दुखतात म्हणून मनाने गोळ्यांवर गोळ्या घेऊ नका. डॉक्टरांनी लिहून दिलेली नेहमीची औषधे मात्र परस्पर बंद करू नका.

७) जत्रेत किंवा स्टेशनवर कान कोरणाऱ्यापुढे कान करू नका. काडी, पिन, गरम तेल यांपैकी काहीही नको. मळाने कान वाजत असतील तर डॉक्टर तो नीट काढतात. कान वाजणे हमखास बंद करील असे औषध आजघडीला नाही, तेव्हा रामबाण तेलाच्या बाटलीला पैसे घालवू नका. ऐकूच कमी येत असेल तर श्रवणयंत्राने दोन्ही कामे साधतात.

८) सोबतच्या माणसांना निघण्याआधी सांगा. हा उपाय सगळ्यांत सोपा आहे आणि मी तोच सगळ्यांत उशिरा केला.

काही लक्षणांत मात्र प्रवास बाजूला ठेवावा. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथे दिवस घालवले तर ऐकणे परत येण्याची आशा कमी होते. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, जोडीला गरगरत असेल, तोंड वाकडे झाले असेल किंवा कानातून पू येत असेल, तरीही आधी तपासणी करा.

शेवटी तरुण सभासदांना एक सांगतो. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास ही कानाची मर्यादा धरतात. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ९१ ला २ तास आणि ९४ ला एकच तास. बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर कानाशी ९० च्या वर आवाज सहज भरतो, आणि वर आपली पोरे गाणी लावतात. नोकरीच्या सुरुवातीला रोटाव्हेटरची प्रात्यक्षिके घेताना मी दिवसदिवस उघड्या कानांनी उभा राहिलो. शेतकऱ्याला माती परीक्षण करा म्हणून सांगत होतो, स्वतःच्या कानांचे परीक्षण केले नाही. तुम्ही कानांवर मफ चढवा, टेप बंद ठेवा.

अण्णांना हे सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. उठताना म्हणाले, "म्हंजे आधी घरात सांगायचं म्हणता. तिला वाटतंय, मी पैशाला मागं सरतोय."

गेल्या आठवड्यात चिटबॉय सांगत होता, अण्णा गणपतीपुळ्याच्या गाडीची चौकशी करीत होते.

पुढच्या अंकात वळवाच्या पावसानंतर निघणाऱ्या हुमणीच्या भुंगेऱ्यांविषयी. कळावे.

— ऊस विकास अधिकारी