शरीराची झाडलोट

आम्ही काही डॉक्टर नव्हे. संघटनेच्या कामानिमित्त भंडारा जिल्ह्यातील बिडी-कारखाने, भातगिरण्या आणि तुमसरकडच्या मँगनीज खाणी येथे हिंडताना एक वाक्य आम्ही नेहमी ऐकत आलो : ‘घाम गाळला की अंगातला मळ निघून जातो.’ हे कितपत खरे, ते कळावे म्हणून आम्ही पुस्तके चाळली. उमगले ते सांगतो.

चूल पेटली की राख उरतेच. तसेच अन्नाचे. अन्न जळून होणारा कर्बवायू फुप्फुसे श्वासावाटे टाकतात. डाळीसारख्या पदार्थांतील प्रथिनांपासून अमोनिया होतो. तो फार विषारी. म्हणून यकृत त्याचा सौम्य असा युरिया बनवते. हा युरिया रक्तातून बाहेर काढणे हे मूत्रपिंडांचे काम.

मुठीएवढ्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांची रीत नवलाची आहे. तांदूळ निवडताना आपण खडे वेचून टाकतो. मूत्रपिंड उलटे करते. रक्तपेशी व मोठी प्रथिने मागे ठेवून ते रक्ताचा पातळ भाग आधी गाळून काढते आणि मग त्यातले पाणी, साखर, क्षार असे कामाचे तेवढे परत उचलते. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर गाळले जाते. मूत्र होते जेमतेम दीड लिटर.

पाणी कमी पडले की मूत्रपिंडे काटकसर करतात आणि लघवी गडद होते. पण त्यालाही मर्यादा आहे. दिवसाचा मळ वाहून न्यायला निदान अर्धा लिटर मूत्र लागतेच. घामाचे काम निराळे. तो अंग थंड ठेवतो. त्यातून जाते ते मुख्यतः पाणी आणि मीठ, युरिया अगदी थोडा. म्हणजे वैशाखात राबणाऱ्याचा मळ घामाने निघत नाही. उलट मळ वाहून न्यायचे पाणीच घाम घेऊन जातो.

आमच्या कितीतरी बहिणी कामावर पाणी पीतच नाहीत. कारण विचारता एक म्हणाली, “पाणी पेलं त जावं कुठं, भाऊ?” पाणी तोडल्याने मुतखड्याचा धोका वाढतो. लघवी तुंबवल्याने मूत्राशयात जंतू वाढू शकतात आणि ते मूत्रपिंडापर्यंत चढू शकतात.

१९४८ च्या कारखाना कायद्याने आणि १९५२ च्या खाण कायद्याने पिण्याचे पाणी व स्त्रियांसाठी वेगळी शौचालये मालकांवर बंधनकारक केली. पगारवाढीपुढे ही कलमे आम्हालाही पुष्कळ वर्षे किरकोळ वाटत, हे कबूल केले पाहिजे. आता तसे वाटत नाही. म्हणून ऊन चढण्याआधी आपल्या कामाच्या जागी माठ कुठे आहे आणि बायकांची सोय कुठे आहे, एवढे पाहून घ्या. नसेल तर मागा.