ग्रंथाची साक्ष ग्रंथालाच?

संस्थेच्या खजिनदाराला स्वतःच्या हिशेबाची तपासणी करू दिली जात नाही. तो अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे; स्वतःच स्वतःला दिलेल्या प्रशस्तिपत्रकाला पुराव्याचे मोल नसते म्हणून. धर्म मात्र पुष्कळदा हीच सवलत मागतो. ग्रंथ खरा का? तर तो ईश्वराचा शब्द आहे. ईश्वर आहे कशावरून? तर ग्रंथ तसे सांगतो. भारतीय तर्कशास्त्राने या युक्तिवादाला 'अन्योन्याश्रय' हे नाव देऊन त्याची गणना दोषांत केली आहे.

वेदांचे कडवे अभिमानी असलेले मीमांसक या दोषाविषयी पूर्ण सावध होते. त्यांनी ईश्वराचा आधारच सोडून दिला. वेद अपौरुषेय आहेत. त्यांना कर्ता नाही, म्हणून कर्त्याच्या अज्ञानाची वा लबाडीची शंकाही नाही, असे ते म्हणत. शिवाय प्रत्येक ज्ञानासाठी दुसऱ्या ज्ञानाचा दाखला मागत गेल्यास त्या मागणीला अंत राहत नाही. सबब बाधक पुरावा पुढे येईपर्यंत ज्ञान स्वतःप्रमाण मानावे, हा त्यांचा सिद्धांत होता. तो उडवून लावण्याजोगा नाही. इंद्रिये आणि अनुमान यांवर प्राथमिक विश्वास ठेवल्यावाचून विज्ञानाचेही पाऊल पुढे पडत नाही.

तथापि दोरीच्या जागी साप दिसला, तर दिवा आणून पाहता येते. यज्ञाने मरणोत्तर स्वर्ग मिळतो, या विधानाजवळ कोणता दिवा न्यावा? जे खोटे ठरण्याची सोयच नाही, ते खोटे ठरले नाही, एवढ्याने ते खरे ठरत नाही. शिवाय ही सवलत एका ग्रंथाला दिली की ती सर्वांनाच द्यावी लागते. बुद्ध सर्वज्ञ असेल तर कपिल का नव्हे, आणि दोघेही सर्वज्ञ असतील तर त्यांच्यात मतभेद का, असा प्रश्न कुमारिल भट्टांच्या नावावर सांगितला जातो. प्रश्न बिनतोड आहे. परंतु परस्परविरोधी ग्रंथांना तो तितक्याच बिनतोडपणे विचारता येतो.

नैयायिकांनी दुसरा मार्ग धरला. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त ईश्वराची सिद्धी अनुमानाने करण्याचा प्रयत्न केला. परंतु अनुमानाच्या न्यायालयात गेले की प्रतिपक्षालाही बोलू द्यावे लागते. अकराव्या शतकात रत्नकीर्ती या बौद्ध पंडिताने ईश्वरसिद्धीचे खंडन करणारा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. बाहेरचा तपासनीस मान्य केला, की निकाल अनुकूलच लागेल अशी हमी उरत नाही.

हा वाद केवळ पंडितांचा नाही. स्मृतींना प्रामाण्य कसे, या प्रश्नावर मीमांसकांचे उत्तर असे, की स्मृतिवचनाला आधारभूत वेदवाक्य आज सापडत नसले तरी ते होते असे अनुमान करावे. म्हणजे हिशेबाची पावती मिळत नसेल, तर ती होती असे समजावे! मात्र याच परंपरेने एक पथ्यही सांगितले. स्मृती वेदाविरुद्ध जात असेल, किंवा तिच्यामागे लोभ उघड दिसत असेल, तर तिला प्रमाण मानू नये. होमातील वस्त्र अध्वर्यूने घ्यावे, या वचनाचे मूळ शबरस्वामींनी ऋत्विजाच्या लोभात दाखविले.

ही कसोटी वस्त्रापाशीच थांबली नसती तर? २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानलेल्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा सनातन्यांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडमध्ये मनुस्मृतीचे दहन झाले. पाणी कोणी प्यावे हे ठरविणाऱ्या वचनात कोणाचा लाभ होता, हे शोधण्यास फार मोठ्या पांडित्याची गरज नव्हती. गरज होती ती परंपरेचीच कसोटी परंपरेला लावण्याच्या धैर्याची.

श्रद्धेने एखाद्याला धीर मिळत असेल, तर त्याच्याकडे कोणी पुरावा मागू नये. पण तीच श्रद्धा जेव्हा दुसऱ्याचे पाणी, विवाह वा शिक्षण यांवर हुकूम सोडू लागते, तेव्हा ती खासगी राहत नाही. दुसऱ्याच्या खात्यावर खर्च टाकणाऱ्याने आपली वही त्या दुसऱ्यासमोर उघडलीच पाहिजे.