मांडीचा ताळेबंद

हाड जुळले, असे डॉक्टर म्हणाले. पायाला मात्र ते अजून कळायचे होते! स्कूटर घसरून डाव्या गुडघ्याची वाटी तडकली आणि सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेले. ते निघाले तेव्हा डावी मांडी उजवीपेक्षा दोन इंच बारीक. बँकेत उभी हयात ताळेबंद जुळवण्यात गेली, हा फरक काही जुळेना. मग गुडघ्याखाली टॉवेलची वळकटी ठेवून मांडी आवळणे. पुढे मेहरूण तलावाकाठी एक मिनिट पळणे, दोन मिनिटे चालणे. सौभाग्यवतींना हे मुळीच पसंत नव्हते.

तरी जळगाव रनर्स ग्रुपच्या ‘खान्देश रन’मध्ये पाच किलोमीटरला नाव दिलेच. चढ निभावला. उतारावर मात्र पाय आपोआप आखडला. (उतरताना शरीराचा भार मांडीलाच आवरावा लागतो, हे बसल्याजागी कुणाला सुचते?) शेजारची शाळकरी मुलगी म्हणाली, “आजोबा, दमलात?”

“छे! भ्यालोय.”

ती हसली, पुढे गेली. उतार मी चालत उतरलो. सपाटी आल्यावर पुन्हा पळालो.

घरी हिने विचारले, “कितवे आलात?”

मी टेप शोधत होतो. अजून बोटभर फरक आहे.