भंगार विसरतं, मोबाइल लक्षात ठेवतो

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत रोज ट्रकांनी भंगार येतं. जुने खांब, मोडकी यंत्रं, गाड्यांचे पत्रे असं सगळं भट्टीत १,६०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि पुढे त्याच्या बांधकामाच्या सळया होतात. पत्रा कुणाच्या गाडीचा होता, हे त्या सळईला पाहून ओळखता येत नाही. लोखंडाचं चुंबकत्व तर ७७० अंशांनाच निघून जातं. हट्टी असतं ते तांबं. भंगारात तांब्याच्या तारा राहिल्या, तर ते तांबं काही केल्या पोलादातून निघत नाही आणि गरम पोलाद लाटताना तडे जातात. म्हणून माल निवडताना डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं.

मोबाइल या भंगाराच्या बरोबर उलटा वागतो. तो हातातून गेला, तरी मालकाच्या बऱ्याच गोष्टी बरोबर घेऊन जातो. आणि हल्ली तो हातातून जातोही लवकर. सोयाबीन नाहीतर कापसाचे पैसे आलेले असतात, दिवाळीची सवलत चालू असते, दुकानदार किंवा पडद्यावरची जाहिरात कॅमेऱ्याचे आकडे सांगत असते. मोबाइल घेतला जातो. पंधरा दिवसांत कळतं की हा खिशात मावत नाही, उन्हात तापतो, किंवा शेतात त्याला रेंज धरत नाही. ऑनलाइन घेतला असेल तर परतीचा दरवाजा अरुंद असतो. बहुतेक विक्रेते मोबाइल परत घेत नाहीत. सदोष निघाला, तोही ठरलेल्या मुदतीत, तरच बदलून देतात. ‘आवडला नाही’ हा दोष धरत नाहीत.

या पश्चात्तापावर मानसशास्त्रात बरंच काम झालं आहे. १९५६ साली जॅक ब्रेम या अमेरिकी संशोधकानं विद्यार्थिनींना घरगुती उपकरणांना गुण द्यायला सांगितलं आणि त्यांतलं एक निवडून घरी न्यायची मुभा दिली. निवड झाल्यावर पुन्हा गुण मागितले, तेव्हा निवडलेल्या वस्तूचे गुण वाढले होते आणि नाकारलेलीचे घटले होते. मन आपल्याच निर्णयाची वकिली करतं. मग मोबाइलच्या बाबतीत ही वकिली का फसते? २००२ सालच्या एका प्रयोगात त्याचा धागा सापडतो. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी छायाचित्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वतः काढलेल्या दोन छायाचित्रांपैकी एक ठेवून घ्यायला आणि दुसरं देऊन टाकायला सांगितलं. काहींना नंतर अदलाबदल करायची सवलत होती, काहींना नव्हती. सवलत असलेल्यांना आपलं छायाचित्र कमी आवडलं. दार उघडं असलं की मन उंबऱ्यावरच घुटमळतं. पुनर्विक्रीची ॲप हे असंच कायम उघडं दार. रोज कुणीतरी तिथं ‘तुमच्या मोबाइलची आजची किंमत’ दाखवत असतं.

विकायला काढल्यावर दुसरा खेळ सुरू होतो. डॅनियल कानेमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग वाटले. ज्यांना मग मिळाले होते, त्यांनी ते विकायला मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या तयारीपेक्षा साधारण दुप्पट निघाली. वस्तू काही मिनिटांपूर्वीच हातात आलेली, तरीही. मोबाइलवाल्याच्या मनातली किंमत अशीच फुगलेली असते. त्यात एक हिशेब तो सहसा करत नाही. १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवर १८ टक्के जीएसटी आहे. २०,००० रुपयांच्या मोबाइलमध्ये सुमारे ३,०५० रुपये कराचेच असतात. खोका फोडला की ते गेले. पुढचा गिऱ्हाईक त्याचा एक रुपयाही वेगळा मोजत नाही.

गिऱ्हाईक हात आखडता का घेतो, हे जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात सांगितलं. हा निबंध आधी तीन नियतकालिकांनी नाकारला होता. २००१ साली त्याच विषयातल्या कामासाठी अकरलॉफना नोबेल मिळालं. त्यांचं उदाहरण जुन्या मोटारींचं होतं. गाडी खरी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सरासरी दर्जा धरून भाव करतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही. बाजारात उरतात त्या खरोखरच खराब गाड्या. या निबंधात भारतातल्या सावकारीचाही विचार आहे. अकरलॉफ १९६७-६८ मध्ये दिल्लीत राहून गेले होते.

जालन्याला हा प्रश्न या निबंधाच्या आधीपासून ठाऊक आहे, बियाण्यामुळे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि हे शहर बियाण्यांचं केंद्र बनलं. बी उगवेल की नाही, हे पिशवीकडे बघून कुणाला सांगता येतं? कळतं तेव्हा पेरणी होऊन गेलेली असते. म्हणून १९६६ चा बियाणे कायदा आला, पिशवीवर उगवणक्षमतेची टक्केवारी आणि लॉट नंबर छापणं आलं, प्रमाणित बियाण्याला निळी खूणचिठ्ठी आली. घेणाऱ्याला न दिसणारी गोष्ट आकड्यात मांडून दाखवणं, हा त्यावरचा उपाय.

जुन्या मोबाइलची उगवणक्षमता म्हणजे त्याची बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीचं आयुष्य चार्जिंगच्या फेऱ्यांत मोजतात: शून्यापासून शंभरापर्यंत, एका दमात किंवा तुकड्यातुकड्यानं, एकूण शंभर टक्के भरलं की एक फेरी. ॲपलच्या म्हणण्यानुसार आयफोन १४ आणि त्याआधीच्या मोबाइलची बॅटरी ५०० फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येते, आयफोन १५ ची १,००० फेऱ्यांनंतर. मात्र फेऱ्यांइतकाच उष्णतेचाही मार असतो. बॅटरीच्या ऋण अग्रावर एक पातळ थर साचत जातो आणि त्यात उपयोगी लिथियम अडकून पडतं. तापमान वाढलं की ही रासायनिक क्रिया वेग धरते. मोबाइल वापरण्यासाठी ॲपलनं सांगितलेली कमाल मर्यादा ३५ अंशांची आहे. मराठवाड्यातला मे महिना चाळिशीच्या पुढे असतो. त्यामुळे ‘सहाच महिने वापरला’ या वाक्याला अर्थ यायचा असेल, तर ते सहा महिने कुठले होते आणि मोबाइल ट्रॅक्टरच्या टपावर असायचा की घरात, हेही सांगावं लागेल. नव्या आयफोनमध्ये आणि काही अँड्रॉइड मोबाइलमध्ये फेऱ्यांचा आकडा सेटिंगमध्येच दिसतो. जाहिरातीत त्याचं छायाचित्र टाकणारा विक्रेता घासाघीस निम्मी करतो.

आता मोबाइलमध्ये मागे राहणाऱ्या हट्टी आठवणींकडे. छायाचित्र ‘डिलीट’ केलं की ते जातं, हा समज चुकीचा आहे. जातो तो फक्त त्याचा पत्ता. मोबाइलमधली फ्लॅश स्मृती १९८० च्या दशकात तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी विकसित केली. तिच्या सूक्ष्म पेशींमध्ये विद्युतभार कोंडून माहिती साठवली जाते. एकेक पेशी सुटी पुसता येत नाही. पुसायचा तर अख्खा गठ्ठा. प्रत्येक पुसण्यानं पेशी झिजतात. म्हणून स्मृतीचा नियंत्रक जुन्या जागी न लिहिता नव्या जागी लिहितो आणि झीज सगळीकडे सारखी वाटतो. परिणाम असा की जुनी माहिती पुष्कळ काळ कोपऱ्यात तशीच पडून राहते.

२०१४ साली अवास्ट या सुरक्षा कंपनीनं ई-बेवरून वीस जुने मोबाइल विकत घेतले. मालकांच्या मते ते कोरे होते. सहज मिळणारी सॉफ्टवेअर वापरून त्यांतून ४०,००० हून अधिक छायाचित्रं परत मिळवली गेली, त्यांतली कित्येक कुणालाही दाखवू नयेत अशी. पुढच्या वर्षी केंब्रिज विद्यापीठातल्या लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी पाच कंपन्यांचे २१ जुने अँड्रॉइड मोबाइल तपासले. ‘फॅक्टरी रीसेट’ केल्यावरही त्यांतल्या बहुतेकांतून गुगल खात्यात शिरण्याची किल्ली हाती लागली. अशा कच्च्या पुसणीचे मोबाइल जगात ५० कोटींपर्यंत असावेत, असा त्यांचा अंदाज होता.

त्यानंतर परिस्थिती सुधारली, आणि ती सुधारणा मोठी चलाख आहे. पुसणं अवघड आहे ना, मग पुसायचंच नाही. आजचा मोबाइल प्रत्येक अक्षर कूटबद्ध करूनच लिहितो. आयफोनमध्ये ही सोय २००९ च्या थ्री-जीएसपासून आहे. अँड्रॉइडनं आवृत्ती १० पासून ती सगळ्याच नव्या मोबाइलना सक्तीची केली. यासाठी सहसा २५६ बिटांची किल्ली वापरतात. तिच्या शक्यता मोजायच्या तर ७८ अंकी संख्या लिहावी लागते. रीसेट केलं की मोबाइल ती किल्ली नष्ट करतो. डेटा पेशींमध्ये आहे तिथंच राहतो, पण आता तो निव्वळ कचरा असतो. जुन्या पिढीच्या मोबाइलमध्ये ही सोय सुरू नसेल, तर सेटिंगमधून आधी एन्क्रिप्शन चालू करायचं आणि मग रीसेट करायचं.

या संरक्षणाबाहेर राहते ती मेमरी कार्डाची इवलीशी चकती. रीसेटमध्ये ती सहसा पुसली जात नाही. लग्नाचे फोटो आणि सातबाऱ्याच्या प्रती तिच्यावरच असतात. सिमबरोबर ती काढून घ्यायची आणि मोबाइलबरोबर द्यायची नाही, एवढा सोपा उपाय आहे.

रीसेटआधी गुगल किंवा ॲपलचं खातं मोबाइलमधून काढावं लागतं. चोरांना अडवण्यासाठी ॲपलनं २०१३ मध्ये आणि अँड्रॉइडनं २०१५ मध्ये असं कुलूप आणलं की रीसेटनंतरही मोबाइल जुन्या मालकाचाच पासवर्ड मागतो. घाईत विकलेला मोबाइल मग भोकरदनच्या गिऱ्हाइकाच्या हातात वीट होऊन बसतो आणि रात्री फोन येतो, ‘पासवर्ड सांगता का?’ तो सांगणं म्हणजे सगळी आवराआवर पाण्यात. पेमेंट ॲपमधून बँकखातं काढणं आणि व्हॉट्सॲप नव्या मोबाइलवर हलवणं, ही कामंही रीसेटच्या आधीची. मोबाइल हप्त्यांवर असेल, तर सगळ्यात आधी कर्ज फिटल्याचा दाखला. काही वित्तकंपन्या मोबाइलमध्ये स्वतःचं कुलूप टाकतात आणि हप्ता थकला की पडदा बंद पाडतात.

एक गोष्ट मात्र कोणत्याच रीसेटनं जात नाही: पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक. मोबाइलवर *#०६# दाबलं की तो दिसतो. पहिले आठ अंक मॉडेलचे, पुढचे सहा त्या एका नगाचे, शेवटचा पडताळणीचा. हा शेवटचा अंक आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांच्या १९५४ सालच्या युक्तीनं काढतात. उजवीकडून, शेवटचा अंक सोडून, एकाआड एक अंक दुप्पट करायचा, दोन अंकी आला तर त्यातले अंक मिळवायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. बेरजेला दहानं पूर्ण भाग गेला पाहिजे. एखादा अंक चुकला की भाग जात नाही. एटीएम कार्डाचा क्रमांकही असाच पडताळतात.

चोरीचे मोबाइल या क्रमांकावरून बंद पाडणारी सीईआयआर ही केंद्र सरकारची यंत्रणा सुरू झाली ती महाराष्ट्रापासून, सप्टेंबर २०१९ मध्ये. मे २०२३ पासून ती देशभर आहे. तिथं नोंदलेल्या मोबाइलमध्ये कुणी सिम घातलं की माग लागतो. त्यात सापडतो तो मात्र बहुधा चोर नसतो, तर त्याच्याकडून स्वस्तात घेणारा भाबडा गिऱ्हाईक असतो. म्हणून घेणाऱ्यानं पैसे देण्याआधी ‘केवायएम’ असं इंग्रजीत लिहून, पुढे आयएमईआय टाकून १४४२२ वर संदेश पाठवायचा. मोबाइल काळ्या यादीत आहे का, ते कळतं. यंत्रणा निर्दोष आहे असं नव्हे. २०२० साली मेरठ पोलिसांना एकाच आयएमईआयवर चालणारे १३,००० हून अधिक मोबाइल आढळले होते. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं या क्रमांकाशी छेडछाड करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलं आहे.

पैशांच्या बाजूला विज्ञान कमी आणि नाटक जास्त. जाहिरात टाकल्यावर काही मिनिटांत फोन येतो. बोलणारा स्वतःला लष्करातला जवान म्हणवतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो, भाव करत नाही. शंका यायला हवी ती इथेच, कारण जुन्या मोबाइलचा भाव न करणारा गिऱ्हाईक मराठवाड्यात जन्माला यायचा आहे. मग तो क्यूआर कोड पाठवतो: ‘स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.’ यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो. पैसे घ्यायला तो कधीच लागत नाही. व्यक्तीनं व्यक्तीकडे ‘कलेक्ट’ विनंती पाठवून पैसे मागण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, पण क्यूआरची आणि खोट्या स्क्रीनशॉटची युक्ती चालूच आहे. पैसे आले की नाही, ते समोरच्याच्या पडद्यावर न पाहता आपल्या बँकखात्यात पाहावं. फसगत झालीच तर १९३० वर ताबडतोब फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

प्रत्यक्ष देवघेव बसस्थानकासारख्या वर्दळीच्या ठिकाणी, दिवसाउजेडी व्हावी. मूळ बिलावर पहिल्या मालकाचं नाव आणि आयएमईआय असतो, म्हणजे उद्या त्या मोबाइलवरून काही गैर घडलं तर चौकशी आधी त्याच्याच दारात येते. त्यामुळे साध्या कागदावर तारीख, वेळ, आयएमईआय, रक्कम, दोघांची नावं आणि सह्या असलेली पावती करून दोघांनी एकेक प्रत ठेवावी. घेणाऱ्यानं आपलं सिम आणि आपलं खातं घालून मोबाइल सुरू होतोय हे तिथंच पाहावं. जुना पासवर्ड मागितला गेलाच, तर मालक समोर उभा असतो.